घर विकणाऱ्याची बैठक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. गुडघ्यांचा लिहिण्याशी काय संबंध असं विचाराल तर, मंडळी, सत्तरी ओलांडली की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो! असो. आज लिहायचं निमित्त म्हणजे भाच्याचा फोन.

धाकट्या बहिणीचा हा मुलगा इथेच नाशिकला घरं, दुकानं विकून देण्याचं, भाड्याने लावून देण्याचं काम करतो. गेली दहा-बारा वर्षं त्याचं ऑफिस म्हणजे खिशातला मोबाईल आणि बुडाखालची मोटरसायकल. आता गंगापूर रोडच्या बाजूला त्याने एक गाळा घेतलाय आणि तिथे रीतसर ऑफिस थाटायचं चाललंय. फोनवर म्हणाला, "मामा, रिसेप्शनच्या मागे दहा फुटांची भिंत आहे. तिथे एक झकास वाक्य टाकायचंय. संस्कृत असलं तरी चालेल. तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हीच द्या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं चित्र घेऊन घरी आला. हल्ली काँप्युटरवर काढलेली चित्रं फोटोसारखीच दिसतात. काचेचं दार. आत शिरल्या शिरल्या छातीपर्यंत येणारं उंच काउंटर. डाव्या हाताला काळे, बुटके, गुबगुबीत सोफे. कोपऱ्यात कॉफीचं मशीन. आणि सगळ्यात मागे एक बंद खोली, तिला म्हणे 'क्लोजिंग रूम' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाला आत नेऊन सौदा पक्का करायची खोली.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. "पण कागद कुठे ठेवणार?"

"कागद आत, मामा. कपाटात."

मी काही बोललो नाही. वाक्य शोधायला चार दिवस मागून घेतले. वाक्य काही सापडलं नाही, पण त्या चार दिवसांत जे डोक्यात फिरत राहिलं ते इथे मांडतोय. घर घ्यायला आलेल्या माणसाला कुठे बसवायचं आणि त्याच्यासमोर काय ठेवायचं, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या नाशिकपासूनच सुरू होतो.

*

मी 1973 साली नोकरीसाठी नाशिकला आलो तेव्हा खोली शोधायला एका एजंटाकडे गेलो होतो. त्यांचं ऑफिस म्हणजे रविवार कारंजाजवळच्या एका चहाच्या दुकानासमोरचं बाकडं. धोतर, काळी टोपी, खिशात एक डायरी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आधी माझ्यासाठी चहा सांगितला, मग डायरी उघडून बाकड्यावर माझ्याच बाजूला सरकवली. "वाचा तुम्हीच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

त्या डायरीत काय काय होतं! अमुक वाडा, दोन खोल्या, भाडं इतकं, नळाला पाणी पहाटे एकच तास, संडास सामायिक, जिना अंधारा, मालकीण स्वभावाने तिखट. लपवाछपवी नाही. सगळे दोष शाईने लिहून ठेवलेले. मी तिखट मालकिणीची खोली घेतली आणि पाच वर्षं सुखाने राहिलो, कारण तिखटपणा आधीच ठाऊक होता.

'दलाल' हा शब्द आपण आता जवळजवळ शिवीसारखा वापरतो. तो अरबीतून आलेला आहे आणि त्याच्या मुळाशी 'वाट दाखवणं' हा अर्थ आहे. ते बाकड्यावरचे गृहस्थ या अर्थाने खरे दलाल होते.

पण त्याच बाकड्यावरची दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर इतिहास खोटा होईल. माझ्यापाठोपाठ वर्षभराने आमच्या शाळेत गणिताचे एक शिक्षक आले. हुशार, मितभाषी. मी मोठ्या उत्साहाने त्यांना त्याच एजंटाकडे घेऊन गेलो. चहा सांगितला गेला. आडनाव विचारलं गेलं. आडनाव ऐकल्यावर डायरी उघडलीच नाही. "सध्या काही नाही हो," असं म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. मला माहीत होतं की त्या डायरीत तीन खोल्या रिकाम्या आहेत. गणिताच्या सरांनाही कळलं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि उठले. परतताना आम्ही दोघेही शाळेच्या वेळापत्रकाबद्दल बोलत राहिलो. मला त्या दिवशी तोंड उघडता आलं नाही, हे पन्नास वर्षांनी कबूल करतो.

*

आता थोडा जुना इतिहास. कंटाळू नका, माझ्या वर्गातली मुलंही या भागात जागी राहायची!

नाशिकची पांडवलेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सहलीला नेलेल्या मुलांना मी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी हमखास थांबवत असे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते लेणं भिक्षूंसाठी करवलं आणि त्याचे लेख तिथल्या भिंतींवर कोरलेले आहेत. त्यातल्या एका लेखात एक चक्क खरेदीव्यवहार आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून उषवदाताने एक शेत विकत घेतलं. कोणाकडून? वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून. केवढ्याला? 4000 कार्षापणांना. शेत कुठे? नगराच्या हद्दीवर, वायव्येला. आणि ते विकणाऱ्याकडे आलं कुठून? त्याच्या वडिलांचं होतं.

बघा, चार ओळींत विकणारा कोण, किंमत किती, जागा कुठली आणि त्याच्याकडे ती कशी आली, सगळं आलं. आजचा वकील ज्याला टायटल म्हणतो ते हेच. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, राजाच्या जावयाने, हे सगळं भिंतीवर कोरून ठेवलं. येईल त्याने वाचावं!

दुसरा लेख मला त्याहून मोलाचा वाटतो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमचे ठेवले: 2000 दरमहा शेकडा एक टक्क्याने आणि 1000 दरमहा पाऊण टक्क्याने. हा घराचा व्यवहार नव्हे, ही ठेव. पण लेखाच्या शेवटी जे म्हटलंय ते महत्त्वाचं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांच्या सभेत, वाचून ऐकवलं आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवलं. मूळ शब्द आहेत 'श्रावित' आणि 'निबद्ध'. आधी चारचौघांना ऐकवणं, मग लिहून बांधून टाकणं. घर घेताना आपण ज्यांच्या कचेरीत अंगठे देतो त्या अधिकाऱ्याला आजही 'दुय्यम निबंधक' म्हणतात. 'निबद्ध' आणि 'निबंधक' एकाच धातूतले. 'निबद्ध' अजून शिल्लक आहे. 'श्रावित' तेवढं गळून गेलं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी जो ग्रंथ 1909 साली छापून जगापुढे आणला त्यात, घर विकण्याची रीतच घालून दिलेली आहे. घर विकायचं तर त्या घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत जाहीर करायचं. हद्दी सांगायच्या, किंमत सांगायची, तीनदा पुकारायचं. कोणी हरकत घेतली नाही तर मग घेणाऱ्याने घ्यावं. आज आपण वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो, त्या मुलीची ही खापरपणजी.

मराठेशाहीतही व्यवहार चारचौघांतच व्हायचा. गावात चावडी असे. जमीनजुमल्याच्या, वतनाच्या कागदावर शेवटी गोही म्हणजे साक्षीदार. त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. कुणबी पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. एका कागदावर आख्खं गाव उमटलेलं असायचं. लबाडी होतच नव्हती असं मी म्हणत नाही. झगडे पुष्कळ होत, म्हणूनच तर इतके महजर आणि निवाडपत्रं मागे राहिली. पण लबाडी करणाऱ्याला ती वीस डोळ्यांसमोर करावी लागायची.

आणि तरीही, त्या गणिताच्या सरांची आठवण ठेवून, हेही लिहायला हवं की ती चावडी सगळ्यांची नव्हती. काहींना पायरीखाली उभं राहावं लागे, आणि बायकांना तर कोणी विचारतच नसे. कौटिल्यानेसुद्धा घर घेण्याचा पहिला हक्क भाऊबंदांना, मग शेजाऱ्यांना, मग सावकारांना दिला, परक्याचा नंबर सगळ्यात शेवटी. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना सोन्यात तांबं किती होतं तेही सांगावं.

*

इंग्रजी अमदानीत चावडीचा कारभार कचेरीत गेला. 1882 च्या कायद्याने शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवणं सक्तीचं झालं. 1908 चा नोंदणी कायदा तर आजही चालू आहे. आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेला स्टॅम्पपेपर देशभर जाऊ लागला. चतुःसीमा लिहायची पद्धत मात्र राहिली. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक.

पण नोंदणी होते ती सौदा ठरल्यानंतर. सौदा जिथे ठरतो, ती जागा कायद्याच्या नजरेबाहेरच राहिली. स्वातंत्र्यानंतर शहरं फुगली, मालकीहक्काचे फ्लॅट आले, आणि विकणारा एका बाजूला, घेणारे शंभर दुसऱ्या बाजूला, अशी नवीच परिस्थिती आली. हे शंभर जण एकमेकांना ओळखतही नाहीत. चाळीस कुळं नाहीत, गोही नाहीत, फक्त एक बंद केबिन.

इतक्या तक्रारी झाल्या की सरकारने मे 1960 मध्ये चौकशीला एक समिती नेमली. जून 1961 मध्ये तिचा अहवाल आला आणि 1963 साली महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. मी तो फार उशिरा वाचला. वाचल्यावर डोळे पांढरे झाले, कारण त्यात सगळं आहे! जमिनीवरचा आपला हक्क बिल्डरने खरा आणि पूर्ण सांगायचा, तोही वकिलाच्या दाखल्यासह. नकाशे बघायला द्यायचे. कागदपत्रं किंवा त्यांच्या नकला बांधकामाच्या जागेवर ठेवायच्या आणि घर घेऊ इच्छिणाऱ्याला पाहू द्यायच्या. ताब्याची तारीख लेखी द्यायची. आणि लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही.

म्हणजे 'श्रावित'ची ती जुनी रीत कायद्याने परत आणायचा प्रयत्न केला होता. कागद टेबलावर या, असं कायदा म्हणत होता.

*

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही, मुलीलाही नाही.

1986 साली आम्ही फ्लॅट बुक केला. किंमत एक लाख दहा हजार. शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज, थोडी शिल्लक आणि हिच्या पाटल्या. बिल्डरचं ऑफिस त्या काळाच्या मानाने भपकेबाज. आम्ही दोघं दारातच चपला काढायला लागलो तर तिथला मुलगा म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." आत एवढे बुटके सोफे की बसलं की गुडघे हनुवटीला. समोर त्यांची उंच खुर्ची आणि मोठं टेबल. आम्ही खालून वर बघत बोलायचं. गोल्ड स्पॉट आलं. भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र, बागेत कारंजं. (ते कारंजं कधीच झालं नाही, तिथे आता पाण्याची टाकी आहे.)

ही निफाडकडची, शेतकऱ्याची मुलगी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण जमीन म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने गोल्ड स्पॉटची बाटली खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "सातबारा बघायला मिळेल का?"

बिल्डर हसले. रागावले नाहीत, हसले. "वहिनी, अहो शेत घेताय का? सर एवढे शिकलेले आहेत, त्यांना विचारा. विश्वासावर चालतो आमचा धंदा." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आणि मी... मी हिच्याकडे डोळे वटारले. खोलीत आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. मला वाटलं, आपली बायको अडाणीपणा करतेय. ती गप्प बसली. पुढची पंचवीस वर्षं तिने तो विषय काढला नाही.

चाळीस हजार रुपये आम्ही साध्या पावतीवर देऊन आलो. वीस टक्के म्हणजे बावीस हजार झाले असते. कायदा होऊन तेवीस वर्षं झाली होती. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होतो! साधनांशिवाय इतिहास नाही, पुरावा मागा, असं फळ्यावर लिहीत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जमीन तीन भावांची होती आणि तिसऱ्याने सही केलेली नव्हती. सातबारा काढला असता तर त्याचं नाव तिथे स्वच्छ दिसलं असतं. काम दोन वर्षं अडलं. दीड वर्षात मिळणारा ताबा चार वर्षांनी मिळाला. तोवर आम्ही कर्जाचा हप्ता आणि खोलीचं भाडं, दोन्ही भरत राहिलो. मुलीला दम्याचा त्रास, खोलीत ओल. जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायचं बिल्डरने टाळलं ते टाळलंच. कायद्यात 2008 साली दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. म्हणजे बिल्डर येत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं. त्या मार्गाने 2015 साली आमच्या पायाखालची जमीन आमची झाली. ही 2011 मध्येच गेली.

सोसायटीच्या सभेत मानीव अभिहस्तांतरणाचा कागद सगळ्यांना वाचून दाखवायचं काम, मास्तर म्हणून, माझ्याकडेच आलं. वाचता वाचता चतुःसीमेपाशी आवाज अडकला. लोकांना वाटलं वय झालं.

*

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मामी मला कधी बोलल्या नाहीत." मी म्हटलं, "मलाही नाही."

त्यानंतर आम्ही ते चित्र पुन्हा टेबलावर पसरलं आणि मी शिसपेन्सिल घेतली. मी काही इंटीरियरवाला नाही, पण गिऱ्हाईक म्हणून कुठे बसल्यावर काय वाटतं, एवढं मला नक्की सांगता येतं.

पहिलं, ते छातीएवढं काउंटर काढ. चावडीलाही पायरी होती आणि त्या पायरीने पुष्कळ माणसं बाहेर ठेवली. दारातून आल्यावर माणूस दिसावा, काउंटर नव्हे. जुन्या वाड्यांना दारातच ढाळज असायची. आलेल्याने तिथे टेकायचं, पाणी प्यायचं, मग काम सांगायचं. तसं काहीतरी कर.

दुसरं, बुटके सोफे नकोत. हाताच्या, सरळ पाठीच्या खुर्च्या ठेव. घर घ्यायला मुलाबरोबर आई-वडील येतात, त्यांना सोफ्यातून उठवायला माणूस लागतो. आणि मनाने सांगतो, खोल सोफ्यात बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही. माझा अनुभव आहे.

तिसरं, टेबल गोल घे किंवा निदान असं लाव की तू आणि गिऱ्हाईक एकाच बाजूने कागद वाचाल. बाकड्यावरच्या एजंटाने डायरी माझ्याकडे सरकवली होती, ते मला अजून आठवतं. टेबलावर चांगला दिवा हवा, भिंग हवं, आणि एक मेजरिंग टेप. मागे एका सॅम्पल फ्लॅटमध्ये मी पट्टी घेऊन गेलो होतो. तिथला पलंग सव्वापाच फुटांचा निघाला! खोल्यांना दारंही लावलेली नव्हती, म्हणजे जागा मोठी दिसते. तुझ्या फरशीवर दहा बाय दहाची एक चौकट पितळी पट्टीने आखून घे. बेडरूम केवढी म्हणजे केवढी, हे गिऱ्हाइकाने स्वतः त्यात उभं राहून बघावं.

चौथं, प्यायचं पाणी आणि स्वच्छ, दांडी लावलेला संडास. यावर जास्त लिहीत नाही, पण कॉफीच्या मशीनआधी याचा खर्च धर.

पाचवं, ती मागची बंद खोली. यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, "मामा, पैशाचं बोलणं चारचौघांत कसं होईल? लोकांना खाजगीपणा लागतो." त्याचंही खरं आहे. कोणाचं कर्ज किती, पगार किती, हे शेजारच्या खुर्चीला कशाला कळायला हवं? शेवटी ठरलं की खोली राहू दे, पण भिंत काचेची, आणि कागद मात्र बाहेर. 'क्लोजिंग रूम' हे नाव काढायचं.

कागदांसाठी त्याने भिंतीतलं उघडं कपाट केलंय. प्रत्येक जागेची एक फाईल: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, वकिलाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते, रेरा नोंदणीचा कागद. आणि पहिल्या पानावर, माझ्या आग्रहाखातर, दोष. पश्चिमेचं ऊन येतं, लिफ्ट लहान, पाण्याचा टँकर उन्हाळ्यात लागतो, वगैरे. शाईने.

यातलं बरंचसं आता कायद्यानेही अंगावर आलेलं आहे. 2016 चा रेरा कायदा 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात महारेरा आलं. बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदवलेल्या कराराशिवाय घेता येत नाही. चटईक्षेत्र म्हणजे काय याची व्याख्याच कायद्यात आहे. प्रकल्पाची माहिती घरबसल्या महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. आमच्या वेळी असतं तर! आणि भाच्यासारख्या एजंटांनाही नोंदणी लागते, ऑफिसात नोंदणी क्रमांक ठळक लावावा लागतो, घेणाऱ्याला माहिती आणि कागद मिळवून द्यावे लागतात. 2023 मध्ये तर महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाच ठेवली. भाचा ती पास झालाय. (मार्क विचारले तर म्हणतो, "मामा, पास-नापास एवढंच असतं." मला शंका आहे.)

पण कायदा कागद टेबलापर्यंत आणतो. तो उघडून वाचायला बसवणं आणि 'सातबारा बघायचाय' म्हणणाऱ्या बाईला न हसणं, हे ऑफिसातल्या माणसाचं काम आहे. स्वागत म्हणजे मला तरी हेच वाटतं.

निघताना त्याने गिऱ्हाइकाने भरायचा फॉर्म दाखवला. त्यात भाडेकरूंसाठी एक रकाना होता: फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज. मी त्यावर बोट ठेवलं आणि गणिताच्या सरांची गोष्ट सांगितली. तो अस्वस्थ झाला. म्हणाला, "मामा, मी नाही हो विचारत, मालक विचारतात." मी म्हटलं, "तेव्हाचे एजंटही हेच म्हणाले असते." दोन दिवसांनी नवा फॉर्म पाठवला, रकाना नाही. पण फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, "छापलेलं काढलंय. मालक तोंडी विचारतातच. जो असं विचारेल त्याची जागा घ्यायची नाही, एवढी ताकद अजून माझी नाही." मी त्याला दोष देऊ शकलो नाही. मी तर तेव्हा तोंडही उघडलं नव्हतं. त्याने निदान रकाना खोडला.

*

राहता राहिली दहा फुटांची भिंत. मी 'श्रावित, निबद्ध' सुचवलं. पांडवलेण्यांच्या शहरातलं ऑफिस, याहून चांगलं काय? तो बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, "मामा, लोकांना वाटेल कोणाची तरी नावं आहेत."

गेल्या आठवड्यात पूजा झाली. मला पहिल्या खुर्चीवर बसवलं, हाताची, सरळ पाठीची. पाणी न मागता आलं. भिंतीकडे बघितलं तर त्यावर त्याच्या महारेरा नोंदणीचा क्रमांक आणि खाली मोठ्या, साध्या अक्षरांत एवढंच होतं: 'सातबारा बघायला मागा.'

मी चष्मा पुसला. बहीण म्हणाली, "दादा, धूप डोळ्यांत गेला का?" म्हटलं, हो.

मंडळी, तुम्हीही कधीतरी घर घेतलं असेल, घ्यायला गेला असाल. तिथे तुम्हाला कुठे बसवलं होतं, आणि कागद मागितल्यावर समोरचा काय म्हणाला होता? जमलं तर लिहून कळवा. आणि घरातल्या कोणाला तेव्हा गप्प केलं असेल, तर तेही आठवून बघा. ते माणूस अजून असेल तर आजच सांगून टाका.